वाळूला भेटायला आलेला तातोबा

यादीत तातोबाचं नाव पहिलं लिहिलं ते मी. का, तर एकदा चहा पिताना तो म्हणाला होता, "कटाळा आला मर्दा, गावाकडं मुरगूडला जाऊन म्हशी राखाव्या वाटतंय." आमच्या फौंड्रीतला जो तो उन्हाळ्यात दिवसातनं दोनदा हेच म्हणायचा. खरं मानलं ते मी एकट्यानं.

महिन्यापूर्वी सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, आण्णा गेलं." मी विचारलं, "मुरगूडला?" पलीकडनं पोरानं अंत्यविधीची वेळ सांगितली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अशा वेळीही चुकीचा प्रश्न विचारायची कला माझ्याकडं जन्मजात आहे.

तातोबा मोल्डर होता, लोखंड ओतायचे वाळूचे साचे भरायचा. मी टाइम ऑफिसला कारकून. हजेरी, रजा, गेटपास. सकाळी तयार वाळू आली की तो एक मूठ उचलायचा, घट्ट दाबायचा, मूठ उघडून गोळ्यावर उठलेले बोटांचे ठसे बघायचा, मग गोळा मधोमध मोडायचा. "चालंल" किंवा "पाणी जादा झालंय", एवढंच बोलायचा. पुढं वाळू तपासायचं यंत्र आलं. तरी लॅबमधली शिकलेली पोरं यंत्रावरचा आकडा बघायच्या आधी तातोबाचं तोंड बघायची.

मग नवे मॅनेजर आले. एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि कपबशीतून चहा दिला. एरवी आम्हाला चहा काचेच्या ग्लासात मिळायचा, त्यामुळं मी त्या कपबशीलाच भुललो. "स्वेच्छानिवृत्तीची योजना आणतोय. कोण आपखुशीनं जाईल, तुम्हाला अंदाज असेलच. नावं द्या." माझं अक्षर सुंदर. अकरा नावं मी अशी लिहिली, जणू लग्नपत्रिकाच. वर पहिला तातोबा.

तातोबानं नकार दिला. तेव्हा त्याला सायकल स्टँडजवळच्या बाकड्यावर बसवलं. हजेरी लागायची, काम नाही. कुणी एका शब्दानं 'जा' म्हणालं नाही. सव्वीस वर्षं सकाळी हात काळा करणारा माणूस मांडीवर कोरे हात ठेवून बसलेला... आणि त्याची हजेरी मीच लावत होतो. एकदा जाता जाता म्हणालो, "आराम हाय की तुला." तो म्हणाला, "ये, तूबी बस. जागा हाय." मी रजिस्टर काखेत मारून पळालो. पंधरवडा उलटला आणि त्यानं सही केली. अर्जावर छापलेलंच होतं : कोणत्याही दबावाशिवाय, स्वतःच्या इच्छेने.

त्या ओळीची मला आजही चीड येते. काढून टाकलं असतं तर भांडता आलं असतं. युनियन होती, कोर्ट होतं, गेलाबाजार गेटसमोर बसून चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. ज्यानं आपल्या हातानं सही केली, त्यानं कुणाच्या नावानं ओरडायचं? कंपनीनं कुणालाच काढलं नाही. निरोपाला शाल, नारळ आणि भाषण. भाषण अर्थातच मी केलं, आणि 'सुखाचे दिवस' हे शब्द तीनदा वापरले.

सहा-सात महिन्यांनी ओतलेल्या मालात भोकं पडायला लागली. यंत्र म्हणत होतं सगळं ठीक आहे. शेवटी तातोबाला निरोप गेला आणि तो आलाही. गेटवर त्याला पाहुण्याचा पास लागला, तो लिहायला मीच. 'कुणाला भेटायचे' या रकान्याशी माझं पेन अडलं. तो म्हणाला, "लिही की कारकून. वाळूला." मी तसंच लिहिलं. आत जाऊन त्यानं एक मूठ दाबली, "पाणी जादा" म्हणाला, हात झटकले आणि चहासुद्धा न घेता परत गेला.

पुढच्या खेपेची यादी कॉम्प्युटरवर झाली. सुंदर अक्षराची गरज उरली नव्हती. त्या यादीत मी होतो.

मग मी रोज सकाळी मंगळवार पेठेत त्याच्याकडं जाऊ लागलो. दारातल्या कुंड्यांना पाणी घालून तो प्रत्येकीतली माती मुठीत दाबायचा आणि गोळा न मोडता कट्ट्यावर ठेवून द्यायचा. त्या पहिल्या यादीचं सांगायचं म्हणून मी रोज जायचो, आणि पाऊस, निवडणूक, दुधाचा दर असलं काहीबाही बोलून परत यायचो. कधीकधी तो माझ्याकडं टक लावून बघायचा. "काय म्हंतोस?" "काय न्हाय." "बरं..." अशी नऊ वर्षं गेली.

दिवसकार्य उरकल्यावर गेलो. कट्ट्यावर, पत्र्याच्या आडोशाला, चार गोळे तसेच वाळलेले. प्रत्येकावर चार बोटांचे ठसे, रेखीव. मी कट्ट्याच्या कडेला बसलो. वैनी, तातोबाची बायको, चहा घेऊन आल्या, तेव्हा एका दमात सांगून टाकलं : वैनी, ते नाव मी दिलं होतं.

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "ठावं हाय. सायबानं पैल्याच दिवशी ह्यास्नी यादी दावली हुती. तुमचं अक्षर आंधळ्यालाबी कळंल."

"मग तो कधी बोलला का नाही?"

"म्हनायचं, त्यो आपखुशीनं सांगंल तवा सांगंल, त्याला बाकड्यावर बसवायचं न्हाय." वैनींनी पदरानं कट्ट्यावरची धूळ पुसली, गोळ्यांना हात लावला नाही. "रोज सकाळी दोन कप चा ठेवायला लावायचं. आन् भावजी, तुमी त्यो माणूस जाईस्तवर नुसता चा पिऊन गेलासा."