कापसावर निजवलेली बाहुली

बाहुली शेतात न्यायची कल्पना माझीच होती. नालवाडीत आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू खऱ्या बाळासारख्या बाहुल्या घडवतात. गालाखालच्या निळसर शिरा, नखांवरचा गुलाबीपणा, सुईने एकेक करून रोवलेलं जावळ. पोट कापडाचं, आत बारीक रेती, म्हणजे उचललं की वजन बाळाचंच लागतं. पण विक्रीसाठी मी घरात काढलेल्या फोटोंमध्ये त्यांची नवी बाहुली नुसती प्लास्टिकची दिसायची. मी म्हटलं, कोवळ्या उन्हात, वेचलेल्या कापसाच्या ढिगावर निजवू. अल्लीपूरच्या बाजूला काकूंच्या ओळखीच्या एका आजीचं शेत होतं. आजीने फोनवर होकार दिला आणि आम्ही गेलो.

आजी तेव्हा शेताच्या दुसऱ्या टोकाला होत्या. वेचणीच्या बाया पलीकडच्या गावच्या, आम्हाला न ओळखणाऱ्या. मी धुऱ्याच्या बांधावर पालथी पडून फोटो काढत होते, तेवढ्यात डोक्यावर सावली आली.

"लेकरू असं उघड्यावर काऊन टाकून राह्यल्या?"

"लेकरू नाही, बाहुली आहे," मी म्हटलं.

"बाहुली अशी रायते का? कोणाचं उचलून आणलं?"

मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. बघता बघता बाया भोवती जमल्या. एकीने मोबाईल काढून आमच्यावर धरला.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमच्या घरी खाटेखाली अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे असत आणि मला अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. पुरावा समोर ठेवला की शंका संपते, असं त्यांत लिहिलेलं असायचं. म्हणून मी बाहुलीचं अंगडं वर केलं आणि कापडाचं पोट, त्यावरची शिवण दाखवली.

बाया एकदम मागे सरकल्या.

"अव माय. हे तं करणीचं हाय."

काकूंची पिशवी कोणीतरी उपडी केली. त्यातून सुया पडल्या आणि केसांची पुडी पडली. आता मूल चोरल्याचा संशय कुणालाच उरला नव्हता.

"जाळून टाका इथंच," मागून एक आवाज आला.

मी बोलायला लागले. करणी नसते, अशा संशयावरून माणसं मारली जातात, कायदा आहे. माझा आवाज चढत गेला, तसा बायांचा घेरा जवळ येत गेला. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "जाळू दे पोरी. पण ते मोबाईलमधलं नालवाडीत पोचलं तर मला दारात उभं करणार नाही कोणी."

पण जाळू दिली असती, तर करणी होती असंच ठरलं असतं. मी बाहुली छातीशी धरली.

एवढ्यात आजी आल्या. त्यांनी बाहुलीकडे पाहिलं, सुयांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"करणी कायची? एवढं गोरंपान केलं न् तीट नाई लावली, तं नजर लागंन नाई तं काय. तुम्हीच पाह्यलं ना सगळ्याइनं टकमका?"

आजीने शिदोरीतलं मीठ आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि बाहुलीवरून ओवाळल्या. मग मूठ माझ्या डोक्याकडे वळली.

"तुई बी काढतो. लय बोलतं तू."

दृष्ट काढण्याविरुद्धची पत्रकं मी स्वतः वर्ध्याच्या बसस्टँडवर वाटली आहेत. मी मान खाली घातली. मिरच्या बायांनी चहासाठी मांडलेल्या चुलीत पडल्या आणि वाऱ्याने धूर सरळ आमच्या तोंडावर आला. ठसका आला नाही, तर नजर होती. आला, तर नजर नव्हती, आणि मग काय होतं ते बायांनी आधीच सांगितलं होतं. घसा पेटला होता. मी श्वास कोंडून धरला. काकूंनी तोंडात पदर कोंबला. डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, पण खोकलं कोणी नाही.

"पाह्यलं?" आजी म्हणाल्या. "नजरच होती."

मोबाईल खाली गेला. सुया आम्ही उचलल्या, केस तिथेच राहिले.

रस्त्यावर वर्ध्याकडे जाणारा ऑटो मिळाला. बाहुली माझ्या मांडीवर. मागे वळून बघायचं धाडस दोघींनाही झालं नाही. थोड्या वेळाने ऑटोवाला आरशात बघत म्हणाला, "लेकरू लय शांत हाय, ताई."

काकूंनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. आता फक्त हो म्हणायचं आणि उतरेपर्यंत गप्प बसायचं. पण घशात अजून मिरची होती आणि एका दिवसात गिळली तेवढी मला पुरे होती.

"बाहुली आहे," मी म्हटलं. "या काकूंनी केली आहे."

त्याने ऑटो कडेला घेतला. काकूंनी डोळे मिटले. तो उतरून मागे आला, हात पँटला पुसले आणि पुढे केले. मी बाहुली दिली. घेताना त्याचा एक तळवा आपोआप तिच्या मानेखाली गेला.

"पोट कायनं भरलं, काकू?" त्याने विचारलं.

काकूंनी डोळे उघडले.

"रेतीनं," त्या म्हणाल्या.