पाळकसाहेब आले नाहीत तेव्हा

सूनबाई नातवाची छाती शेकायला तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करते आहे. त्या वासानं मला देवासचं आमचं भाड्याचं घर आठवलं.

त्याआधी धरमपुरीला आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे पाचसात घरं. कुणी शिंकलं तरी पाळकसाहेब दारात हजर. पुढे त्यांची बदली देवासला झाली आणि योगायोगानं आम्हीही तिथंच गेलो. तिथं रविवारी चर्च भरून माणसं ओसरीवर बसत. माझा लेक तापानं फणफणला तेव्हा मी साहेबांना निरोप धाडला. आली ती सलोमीबाई, पदराला ओवा बांधून. आमची साधी तोंडओळखही नव्हती.

“साहेब का नाही आले?” मी रडवेली झाले.

“बैन, एवढ्या घरांना ते एकटे कसे पुरतील? आपली गल्ली त्यांनी मला सौंपली आहे,” म्हणत तिनं बाळाला मांडीवर घेतलं. ताप उतरेपर्यंत ती हलली नाही.

साहेब आम्हाला विसरले, असं तेव्हा वाटलं. आता कळतं, स्वतः न येणं त्यांना किती जड गेलं असेल. ते आले असते तर प्रार्थना करून गेले असते. त्या परक्या गावात त्यांनी मला जन्माची बहीण दिली.