नावाखालची जागा

मागच्या वर्षी होळीच्या आदल्या मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी आक्कांनी दुकानाचं शटर ओढलं. कुलूप लावलं, पुन्हा उघडलं, आत जाऊन प्रेस मशीनची पिन काढलेली आहे ना ते पाहिलं आणि परत कुलूप लावलं. मी समोर उभा होतो. ते दुकान त्यानंतर उघडलेलं नाही.

आदिलाबादच्या कापूस मार्केटकडून स्टेशनकडे तुम्ही कधी चालत गेला असाल, तर पाटी पाहिली असेल. 'नावाचे नॅपकिन' एवढंच, मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत. आत एक टेबल, लॅपटॉपला जोडलेलं कटिंग मशीन, भिंतीला रंगीत व्हिनाइलचे, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या कागदाचे, रोल आणि मधोमध नाव गरम दाबून बसवणारी प्रेस. प्रेस नव्हती तेव्हा आक्का घरच्या इस्त्रीवर काम करायच्या. मोठ्या ऑर्डरीला अजूनही इस्त्रीच काढायच्या. मशीनला हात नाही, असं त्यांचं म्हणणं.

गिऱ्हाईक आलं की त्या कागद आणि पेन पुढे सरकवायच्या. "नाव लिहून द्या जी. सोताच्या हातानं." तोंडी सांगितलेलं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. एका हेडमास्तरांनी वाद घातला होता. आपलं नाव सगळ्या मंडलात माहीत आहे, लिहायचं काय त्यात? आक्का म्हणाल्या, "तुमाले ठाव हाय, गावाले ठाव हाय. माह्या मशीनले काऊन ठाव असन?" हेडमास्तरांनी लिहून दिलं, आणि अक्षर बरं आलं नाही म्हणून दुसरा कागद मागितला.

कापड त्या आधी पाण्यातून काढायच्या, म्हणजे पुढे आटत नाही. कडा स्वतः शिवायच्या आणि एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालायच्या. व्हिनाइलवर अक्षरं उलटी कापली जातात. नको तो भाग त्या सुईने उचलायच्या, वेलांटीच्या पोटातला, मात्रेच्या शेजारचा. मग कापडावर उलटं ठेवून, वर बटर पेपर धरून इस्त्री दाबायची आणि वरची फिल्म सोलायची. नाव सुलटं होऊन कापडावर बसलेलं असतं. इतकी वर्षं उलटी अक्षरं पाहून त्यांना ती सुलट्यासारखी वाचता येत. समोरच्या सलूनमध्ये कुणी पेपर उघडला, की आरशातून त्या माझी बातमी वाचायच्या. मी रस्ता ओलांडेपर्यंत त्यांचा शेरा तयार असायचा. "आज तुमी लयच घाईत लिवलं, बापा."

मी एका मराठी दैनिकाचं जिल्ह्याचं काम पाहतो. शेरे बहुतेक वेळा बरोबर असत.

कधी कुणी नाव काढून मागायचं. भागीदारी मोडली, हॉटेलाचं नाव बदललं. आक्का इस्त्रीने व्हिनाइल ऊन करायच्या, चिमट्याने सोलायच्या, स्पिरिटने पुसायच्या आणि कापड खिडकीशी धरून दाखवायच्या. गोंद मुरलेला भाग उजेडात वेगळा दिसतो. "नाव निंगते जी. जागा राह्यते." गिऱ्हाईक हसायचं. आक्का हसायच्या नाहीत. कापडाचा गुण त्या सांगत होत्या.

शटर ओढण्याच्या सव्वा वर्ष आधी, मार्गशीर्षात, एक बाई पिशवी घेऊन आली. मी तिथे चहा पीत होतो. तिच्या भावाचं लग्न होतं. पिशवीत अठ्ठेचाळीस नॅपकिन होते, कोरे, घडी न मोडलेले. प्रत्येकावर वराचं नाव आणि त्याच्या शेजारी 'पूजा'. कोपऱ्यात लाल टाका.

"हे तर माह्येच हायेत," आक्का म्हणाल्या.

"हाव. दोन वर्षांखाली तुमीच केले होते. मानाच्या पंगतीतून उरले. पूजा काढा अन् भाग्यश्री टाका. भावाचं नाव हाय तसंच राहू द्या."

"अन् पूजा?"

"ते वारली. विहिरीत पडली." बाईने घडी नीट केली. "नवं नाव मोठं हाय, आक्का. जुन्याच्या वर बरोबर बसन. फेकून काऊन द्या?"

आक्कांनी कागद पुढे सरकवला. बाईने भाग्यश्रीचं नाव लिहिलं. आक्का म्हणाल्या, "पोरीचं गावही लिवा. बारीक अक्षरात खाली टाकतो आमी." तसं त्या कधीच टाकत नसत. बाईने गाव लिहिलं. नार्नूरकडचं होतं.

बाई गेल्यावर मी विचारलं, ऑर्डर घेतली कशाला? नाही म्हणायचं होतं.

"नाई म्हटलं असतं त दुसऱ्याकडं गेली असती. मंग मले नाव कसं कळलं असतं?"

पूजाची बातमी मीच दिली होती. विहिरीवर पाणी काढताना पाय घसरून विवाहितेचा मृत्यू. तीन ओळी, पान पाच. आक्कांनी ती तेव्हा आरशातून वाचली होती की नाही, मी विचारलं नाही. त्यांनीच मला विचारलं, "त्या विहिरीवर मोटर हाय का दोर-बालटी?"

मला माहीत नव्हतं. बातमी देताना मी ते विचारलं नव्हतं. दोन दिवसांनी मी पूजाच्या सासरच्या गावी जाऊन आलो. विहिरीवर मोटर होती. शेजारच्या शेतकऱ्याने सांगितलं की पाच-सहा वर्षांपासून आहे. दोर किंवा बादली तिथे कुणी पाहिलेली नव्हती. कागदोपत्री नोंद आकस्मिक मृत्यूची होती आणि प्रकरण बंद होतं. पूजाच्या माहेरी फक्त आई उरली होती.

आक्कांनी त्या ऑर्डरीतला एक तयार नॅपकिन घेतला आणि त्या भाग्यश्रीच्या गावी गेल्या. मी सोबत होतो. वडील ओट्यावर भाजी निवडत होते, वांगी आणि मेथी, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोटरीचंही ऐकलं.

"पयली गेली ते त्यायनं लपवलं नाई आक्का. मोटर बंद असन त्या दिवशी. लाइन नसन. पत्रिका वाटून झाल्या. आता मी लोकायले काय सांगू, एका रुमालावरून लग्न मोडलं?"

भाग्यश्रीच्या आईने नॅपकिन हातात घेतला, दाराच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. मग घडी करून आक्कांना परत दिला. म्हणाली, "पोरीचा हात चांगला हाय. तुमचं काम शिकवान का हिले?"

भाग्यश्री लग्नाआधी आठ दिवस दुकानात येत होती. बारीक होती, चष्मा होता, हसताना तोंडावर हात ठेवायची. सुईने अनुस्वार उचलताना तिची जीभ बाहेर यायची. आक्का ओरडायच्या, "जीभ आत घे वं, गोंद लागन!" आणि ती इतकी हसायची की अनुस्वार हरवायचा. मग दोघी फरशीवर ते टिंब शोधत बसायच्या. आक्कांना हसताना मी त्या आठ दिवसांत पाहिलं. त्याआधी पाहिलेलं मला आठवत नाही.

शेवटच्या दिवशी ठरलं ते असं. आक्का दर आठवड्याला कापलेलं व्हिनाइल आणि कापड बसने पाठवतील. भाग्यश्री सासरी बसून सुईचं आणि इस्त्रीचं काम करील आणि मंगळवारच्या बसने पाकीट परत पाठवील. बाहेर न जाता घरात काम येतं म्हटल्यावर सासरचे तयार झाले.

"वरचा रुमाल तुह्या नावाचा," आक्का तिला म्हणाल्या. "दर पाकिटात. नवं कापड, नवं नाव, तुह्या हातानं. मले दिसला पायजे."

"काऊन आक्का?"

"तुही सही समज."

पाकिटं येऊ लागली. कंडक्टर ती मंगळवारी साडेबाराच्या सुमारास दुकानात टाकायचा. आक्का दोरा कापायच्या, वरचा नॅपकिन काढायच्या, खिडकीशी धरायच्या आणि मग बाकीच्या मालाकडे पाहायच्या. वरचे सगळे त्यांनी एका तारेवर क्लिपांनी लावले होते. भाग्यश्री, भाग्यश्री, भाग्यश्री. गिऱ्हाइकं विचारायची, ही कोण, मुलगी का? आक्का म्हणायच्या, "कामवाली हाय माही. लय बारीक काम करते."

पावसाळ्यात एकदा पाकीट दोन दिवस उशिरा आलं. ते दोन दिवस आक्कांनी एकही ऑर्डर घेतली नाही. दिवाळीनंतरच्या एका नॅपकिनवर इस्त्रीचा डाग होता. आक्कांनी तो पाठ-पोट उलटून पाहिला. "हात हालला," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर डाग वाढले. संक्रांतीला भाग्यश्री माहेरी आली नाही. आक्का दोनदा तिच्या सासरी जाऊन आल्या. दोन्ही वेळा चहा मिळाला आणि भाग्यश्री शेतात गेली आहे असं सांगण्यात आलं. दुसऱ्या वेळी आतून खोकल्याचा आवाज आला, असं आक्कांनी मला सांगितलं. आवाज कुणाचा होता ते त्यांना माहीत नव्हतं.

होळीच्या आदल्या मंगळवारी पाकीट वेळेवर आलं. मी बारा पन्नासला दुकानात पोचलो तेव्हा आक्का खिडकीशी उभ्या होत्या. हातात वरचा नॅपकिन होता. त्यांनी तो मला दिला.

भाग्यश्रीचं नाव होतं, शेजारी तिच्या नवऱ्याचं. कोपऱ्यात लाल टाका. नाव थोडं पिवळट. मी तो काचेशी धरला. 'भाग्यश्री'च्या खाली, गोंदाच्या रेषेत, 'पूजा' दिसत होतं.

लग्नाच्या त्या अठ्ठेचाळिसांतला नॅपकिन होता तो.

"हे तिनं नाई पाठवलं," आक्का म्हणाल्या. "वरती नावाचा रुमाल लागते, एवढंच त्यायनं पाह्यलं. त्यायले इस्त्रीनं नवं बसवता येत नाई. मंग पेटीतला काढून ठेवला."

मी सोबत येतो म्हणालो.

"तुमी आले त बातमी होते. मी गेली त चौकशीले आलेली म्हातारी." त्यांनी नॅपकिन पिशवीत टाकला. "तुमी फोन उचला. बस."

पुढचं तुम्हाला आधीच सांगितलं आहे. पिन, शटर, कुलूप, एक वीस.

कंडक्टरने नंतर सांगितलं की आक्का भाग्यश्रीच्या सासरच्या फाट्यावर तीन वाजता उतरल्या. चार दहाला त्यांचा फोन आला. बोलणं अर्ध्या मिनिटाचं होतं. "दिसली. उभी हाय. उजवा हात भाजला हाय, लयच. बोलत नाई. घरी ननंद एकटी हाय. ठेवते." मी परत फोन लावला तेव्हा तो बंद होता. तो नंतर लागला नाही.

इथे बसमध्ये बायकांना तिकीट शून्य रुपयांचं मिळतं. पण मिळतं, आणि मशीनमध्ये त्याची नोंद राहते. साडेपाचच्या परतीच्या बसमध्ये फाट्यावरून आदिलाबादपर्यंतची शून्याची दोन तिकिटं फाडली गेली. कंडक्टरला दोन बायका आठवतात. एकीच्या हाताला ओला रुमाल गुंडाळलेला होता आणि ती खिडकीकडे बसली नाही, आतल्या बाजूला बसली. बस स्टँडच्या आधीच, मार्केटच्या वळणावर, दोघी उतरल्या. त्यानंतर त्यांना पाहिल्याचं कुणी खात्रीने सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी भाग्यश्रीचा नवरा आणि त्याची बहीण, पिशवी घेऊन आलेली तीच बाई, दुकानासमोर आले. कुलूप पाहिलं, मला विचारलं, शेजारच्यांना विचारलं. नवरा हळू आवाजात, नीट बोलणारा माणूस होता. त्याने मला पाणी मागितलं आणि पिऊन झाल्यावर पेला स्वतः विसळून ठेवला. बेपत्ता असल्याची तक्रार त्यानेच दिली. त्याची बातमी मी दिली. तीन ओळी.

भाग्यश्रीच्या गावी मी गेलो. वडील बाजाराला गेले होते. आईने दार अर्धं उघडलं. मी विचारलं, काही कळलं का? ती म्हणाली, "तुमी काऊन शोधून राह्यले?" तिने दार लावलं. पुन्हा मी तिथे गेलो नाही.

आक्कांसाठी मात्र मी उटनूर आणि भैंसा इथल्या याच कामाच्या दुकानांत माझा नंबर ठेवून आलो होतो. लाल टाका दिसला तर कळवा, एवढं सांगितलं होतं. वर्षभर कुणाचा फोन आला नाही.

या सोमवारी सकाळी अकरा वाजता भैंशाच्या एका दुकानदाराने फोटो पाठवला. नॅपकिनचा कोपरा, लाल टाका, वराचं नाव. शेजारची जागा रिकामी होती. पाठोपाठ त्याचा फोन आला.

"सर, एक बाई बसली हाय. सत्तेचाळीस नग हायेत. भावाचं लग्न म्हणते. जुनं नाव मी एकावर काढून पाह्यलं, त खाली अजून एक नाव निंगालं. दोन-दोन जागा दिसतात. असा खराब माल घेऊ का वापस करू?"

"घ्या," मी म्हणालो. "नव्या मुलीचं नाव बाईच्या हातानं लिहून घ्या. गावही."

बारा चाळीसला कागदाचा फोटो आला. नाव होतं. खाली गाव होतं.