इटलीचा सॉस आणि अण्णांचं ‘वा’

मुलुंडच्या पूर्वेला दातारांचं बैठं घर होतं आणि त्या घरावर जयंतीबाईंचं राज्य होतं. राज्य म्हणजे अर्थात स्वयंपाकघर. आळीत कुणाकडे मुंज असली की पाकाची तार बघायला जयंतीबाईंना बोलावणं यायचं. केळवणाला त्यांच्या हातचं टोमॅटोचं सार नसेल तर नवरदेवाला बोहल्यावर चढायचा हुरूपच येत नाही, असं आळीत उघड बोललं जाई. त्यांच्या स्वयंपाकाला आजवर चांगलं म्हटलं नव्हतं ते एकाच माणसानं, आणि तो माणूस दोन्ही वेळा त्यांच्याच समोर पाटावर बसत असे.

अण्णा दातार एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. कागद उलटसुलट करून वाचल्याशिवाय त्यावर सही करायची नाही, ही त्यांची कचेरीतली ख्याती. जेवतानाही तेच. ‘वाढ’, ‘पुरे’ आणि मर्जी फारच खूश असली तर ‘बरं आहे’, एवढ्यावर त्यांचं जेवण आटपायचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत अनारशांना अशी जाळी पडली होती की सासूबाईंनी चार घरी नेऊन दाखवली. अण्णांनी अनारसा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, बरं आहे. जयंतीबाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. काही झाडांना फुलंच येत नाहीत, म्हणून झाडाशी कुणी भांडतं का?

पण ते झाड एके दिवशी शेजारच्या अंगणात फुललं.

शेजारी नीला राहायची. पंचविशीतली, चटपटीत, दोन वेण्या घालून भाजी आणायला जाणारी. तिचा नवरा चंद्रप्रकाश मालवाहू बोटीवर इंजिनियर होता. तो रजेवर आला तो एका पेटीत लांबच लांब वाळक्या शेवया घेऊन, आणि बोटीवरच्या इटालियन आचाऱ्याकडून त्यावर घालायचा टोमॅटोचा सॉस शिकून. त्यानं तो नीलाला शिकवला आणि रविवारी दातारांना जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे जेवायला टेबल होतं आणि बायका-पुरुष एकाच पंगतीला बसत, हे जयंतीबाईंनी आधीच मनात टिपून ठेवलं होतं.

अण्णांनी पहिला घास घेतला. हात थांबला. आणि जयंतीबाईंना स्वच्छ ऐकू आलं.

“वा.”

थोड्या वेळानं दुसरा घास गेल्यावर, “नीलाबाई, झकास झालंय हं.”

झकास! हा शब्द या माणसाला येतो, हेच जयंतीबाईंना नवीन होतं. घरी परतताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलली ती भांडी. रात्री आमटीचं पातेलं चुलीवरून उतरलं ते सगळ्या आळीला कळलं. मग पानं वाढताना त्यांनी सहज म्हणून विचारलं की तो नीलाचा रस्सा जरा पातळच होता, नाही का? अण्णा म्हणाले की नाही, बेताचा होता. आदल्या दिवशी घरात कुठली भाजी झाली हे ज्याला आठवत नाही, त्याला परक्या घरचा रस्सा किती दाट होता ते आठवत होतं!

सरळ नीलाला विचारलं असतं तर तिनं हातातलं काम टाकून शिकवलं असतं. अडचण होती ती तीच. निम्म्या आळीला पाक शिकवलेल्या बाईनं वाटी घेऊन त्या दोन वेण्यांच्या पोरीपुढे जायचं? त्यापेक्षा बघून शिकावं. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर होत्या, मध्ये एक शेवग्याचं झाड. जयंतीबाई निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. नीलाचा पुन्हा सॉसचा बेत ठरेपर्यंत ते तांदूळ इतक्यांदा निवडून झाले की खड्यांना लाज वाटावी.

अखेर दिसलं. टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून नीलानं त्यांची सालं काढली. लसणाच्या चकत्या तेलात घातल्या, पण लाल होऊ दिल्या नाहीत. टोमॅटो हातानंच कुस्करून वर ओतले आणि झाकण न ठेवता आटवले. मोहरी नाही, गूळ नाही, खोबरं नाही. भात शिजायच्या आत काम आटपलं. उतरवताना मात्र तिनं मूठभर हिरवी पानं चुरगळून टाकली आणि शेवग्यापलीकडून ओळखीचा वास आला. तुळस! जयंतीबाईंना गुपित सापडलं.

सापडलं आणि धर्मसंकट उभं राहिलं. तुळशीचं पान ठेवलं की अन्नाचा नैवेद्य झाला, आणि नैवेद्यात लसूण म्हणजे शिव शिव. देवाला दाखवावं तरी पंचाईत, न दाखवावं तरी पंचाईत. जयंतीबाई वृंदावनापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. पण ते ‘वा’ काही केल्या कानातून जाईना. शेवटी एकदाच, असं तुळशीला सांगून त्यांनी मूठभर पानं तोडली.

शेवया घरच्याच, उन्हाळ्यात पाटावर केलेल्या. सॉस त्यांनी हुबेहूब केला, अगदी पानं चुरगळण्यापर्यंत. चाखला मात्र नाही. माणसं जेवायच्या आधी घरच्या बाईनं स्वयंपाक उष्टा करायचा नाही, ही त्यांच्या माहेरची शिस्त. मीठ-तिखट नजरेनं आणि वासानं, आणि आजवर ते कधी चुकलं नव्हतं.

अण्णांनी घास घेतला. बराच वेळ चावला. मग बायकोकडे काळजीनं बघून म्हणाले, “कुणाला खोकला झालाय का?”

आटवलेली तुळस आणि लसूण. घरात दर पावसाळ्यात होणारा काढाच तो, फक्त या वेळी शेवयांवर पडलेला. अण्णांनी पान स्वच्छ केलं, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि उठले. ‘बरं आहे’सुद्धा नाही. हक्काचं होतं नव्हतं तेही गेलं.

मग मात्र जयंतीबाईंचा बांध फुटला. नीलाकडे ‘वा’ म्हणता येतं, घरी काय जीभ झिजते, असं त्यांनी विचारलंच. अण्णांना खरोखर नवल वाटलं.

“अगं, लोकांकडे म्हणावंच लागतं. घरी कशाला? घरी आपण जेवतोच की.”

दुसरी एखादी बाई एवढ्यावर निवली असती. रीत म्हणून म्हणाले, संपलं. जयंतीबाई आणखी पेटल्या. नुसत्या रीतीचं असेल तर मग ते आपल्याला का नाही? दुपारी पदर खोचून त्या तडक नीलाकडे गेल्या आणि खिडकीची गोष्ट गाळून बाकी सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

तुळस ऐकल्यावर नीला हसत खालीच बसली. “अहो वहिनी, तो सब्जा. फुलवाली वेणीत घालते ना, तोच. इटलीवाले हाच वापरतात म्हणे. आणि तुम्ही चाखला नाहीत?”

रविवारी पुन्हा नीलाकडे जेवण ठरलं. सकाळी अण्णा दाढीला बसले तेव्हा जयंतीबाई शेजारच्या स्टोव्हपाशी होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत सॉस त्यांनीच केला. नीलाला टोमॅटोला हातसुद्धा लावू दिला नाही. दुसऱ्याच्या घरात माहेरची शिस्त लागू नाही, असं ठरवून त्यांनी चमचाभर चाखला, डोळे मिटले, आणि गुळाचा एवढासा खडा टाकला. “इटलीला कळवू नकोस,” नीलाला म्हणाल्या. मग घरी जाऊन लुगडं बदललं आणि अण्णांबरोबर पाहुण्यांसारख्या परत आल्या.

अण्णांनी घास घेतला.

“वा.” आणि पाठोपाठ, “त्या दिवसापेक्षा सरस. नीलाबाई, हाताला चव आहे हो तुमच्या.”

इतकी वर्षं वाट पाहिलेलं ते ‘वा’ आलं, जयंतीबाईंच्या कानाजवळून गेलं आणि नीलाच्या पदरात पडलं. आपल्याला उकळ्या फुटतील असं त्यांना वाटलं होतं. फुटला तो घाम. टोमॅटोचं एक सालसुद्धा न काढलेली ही पोर आपलं कौतुक खाऊन बसली! स्वतःच्याच सॉसचा त्यांना असा मत्सर वाटला की हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

नीलाला ते बघवलं नाही. “अण्णा, मी नाही केलेलं. सगळं वहिनींनी केलंय.”

अण्णांचा हात ताटावरच राहिला. भलत्याच कागदावर सही झाल्यासारखं त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग पुन्हा बायकोकडे.

“असं का,” ते म्हणाले. “तरीच. मीठ किंचित कमी वाटलं.”

चंद्रप्रकाश छताकडे बघू लागला. जयंतीबाई शांतपणे उठल्या, अण्णांच्या पुढ्यातलं पातेलं उचललं आणि होता नव्हता तो सॉस चंद्रप्रकाशच्या ताटात ओतला. “घ्या भाऊजी. यांना अळणी लागतंय.”

चंद्रप्रकाशनं खायला सुरुवात केली. बोटीवरचा माणूस, भिडस्त नव्हता. अण्णा काही वेळ त्याच्या ताटाकडे बघत राहिले. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, “अगं, थोडं वाढतेस? चांगलं झालंय.”

“काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही.”

“चांगलं झालंय,” अण्णा मोठ्यानं म्हणाले. “फार चांगलं झालंय.”

जयंतीबाईंनी पातेलं तिरकं करून त्यांना तळ दाखवला.

“संपलं,” त्या म्हणाल्या, आणि निवांत जेवायला बसल्या.