तात्यांची बुंदी

पंगतीत पत्रावळीवर आडवा हात धरला की वाढपी पुढे सरकतो. आमचे तात्या सरकत नसत. बोटांच्या फटींतून ते बुंदी ओतत आणि वर म्हणत, "हात न्हाई म्हनतो. पोट कुठं म्हनतंय?"

तात्या माझे थोरले चुलते. मिरजगावात लग्न कुणाचंही असो, बुंदीचं पातेलं त्यांच्याच हाती असायचं. पंगत उठली की ते स्वतः बसत, आणि जगाला केला नसेल एवढा आग्रह स्वतःला करत. गळ्यात तुळशीची माळ. दारूचा वासही त्यांना खपत नसे. पिऊन आलेल्या सख्ख्या व्याह्याला त्यांनी एकदा पंगतीतून उठवलं होतं. पोट मात्र त्यांच्या आधी दारात यायचं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या पोटात पाणी झालं, पाय सुजले, तेव्हा मी त्यांना सावेडीला माझ्याकडे आणून नगरच्या दवाखान्यात दाखवलं. रक्तात काविळीचा विषाणू नव्हता. सोनोग्राफीत लिव्हर आक्रसून घट्ट झालेलं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिव्हरवर वर्षानुवर्षं चरबी साचली. दुखत नाही, म्हणून कळत नाही. लवकर आला असतात तर वजन उतरवून, गोड सोडून बरंचसं मागे फिरलं असतं. आता उरलंय तेवढं जपायचं."

तात्यांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. आमच्या गावात लिव्हर गेलं म्हणजे माणूस पिणारा, हे ठरलेलं. मी म्हणालो, "तात्या, आपण गावात शुगर आहे म्हणून सांगू. नाहीतर लोक माळेकडे बघून हसतील."

"हसू दे. ज्यांची पोटं मी फुगवली, त्यांना कोन सांगनार? तू?"

पुढच्याच लग्नात ते पंगतीच्या मधोमध उभे राहिले, पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी. "माजं लिव्हर गेलंय," ते म्हणाले. "दारूचा थेंब घेतला न्हाई, इठ्ठलाची आन. ह्या खान्यानं गेलं. ज्याचं पोट माज्यावानी हाय, त्यानं तपासून घ्या. दुखायची वाट बघू नका, मला कदी दुखलं न्हाई."

भावकीतला रावसाहेब खिदळला. "तात्या, माळ काढून ठेवा मग."

"तुजं पोट बघ. उद्या सकाळच्या गाडीनं चल माज्यासंगं."

तो गेला नाही. तात्या त्याच्या ओसरीवर जाऊन बसले आणि तो चप्पल घालेपर्यंत उठले नाहीत. आग्रह करण्यात त्यांचा हात कोण धरणार? रावसाहेबाच्या लिव्हरवर चरबी निघाली, पण वेळेत. मग तात्या दुसऱ्या ओसरीवर गेले, मग तिसऱ्या. मागून लोक म्हणतच होते, "माळकरी, पण आतून घ्यायचा." तात्यांच्या कानावर ते येई. "म्हनू दे, पन तपासून म्हना," एवढंच ते बोलत. सूज वाढत गेली तरी त्यांनी फिरणं सोडलं नाही.

त्यांच्या तेराव्याला बुंदी होतीच. रीत मोडायला घरचे धजले नाहीत. वाढपी म्हणाला, "घ्या, तात्यांच्या नावानं." पहिला आडवा हात रावसाहेबाचा पडला. मग शेजारच्याचा, मग त्याच्या शेजारच्याचा. भरलं पातेलं तसंच माझ्यापर्यंत आलं. मीही पत्रावळीवर हात धरला, बोटांत फट न ठेवता.