फक्त शुक्रवारी बिघडणारी मशीन

"साहेब, फटीत एटीएम कार्ड जाते," विनोदभाऊ फोनवर म्हणाले. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आला. दाराच्या चौकटीचा कोपरा, दोन सागवानी फळ्यांचा जोड आणि त्या जोडात खरोखरच खोचलेलं एटीएम कार्ड. पुराव्याची एवढी काळजी घेणारा कस्टमर मी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

विनोदभाऊंचं परतवाड्याला फर्निचरचं वर्कशॉप आहे. तेव्हा त्यांच्याकडे अचलपूरच्या एका नव्या दवाखान्याच्या अठरा दारांचं काम होतं. मी अकोल्याच्या एका पॉवर टूल डीलरकडे सर्व्हिस मेकॅनिक. राहतो अमरावतीला. मंगळवारी परतवाडा, बुधवारी मोर्शी, शुक्रवारी अकोल्याला मीटिंग. कोणत्या कंप्लेंट बंद झाल्या ते मीटिंगमध्ये सांगायचं. कंप्लेंट बंद होणं आणि मशीन चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे कोणी बोलून दाखवत नाही.

मशीन होती स्लायडिंग मायटर सॉ. लाकूड ठरलेल्या कोनात कापायची ही मशीन. खाली फिरणारी तबकडी, वर मोटर आणि गोल पातं. मोटर-पात्याच्या या भागाला आम्ही डोकं म्हणतो. स्लायडिंग म्हणजे हे डोकं दोन दांड्यांवरून पुढेमागे सरकतं. अरुंद पट्टी असेल तर डोकं नुसतं खाली दाबलं की काम झालं. रुंद फळी असेल तर डोकं आधी आपल्याकडे ओढायचं, खाली दाबायचं आणि कापत कापत मागे ढकलायचं. मशीन चार पायांच्या स्टँडवर बसवलेली असते.

मंगळवारी गेलो. पातं पाहिलं, धार चांगली. कोन पाहिला, बरोबर. दांड्या पुसल्या, डोकं चार बोटं पुढेमागे केलं, लोण्यासारखं सरकलं. दोन इंची पट्टीचे दहा तुकडे मी स्वतः कापले, जोडून काटकोन पाहायचा गुण्या लावला. कार्ड सोडा, कागदही जाईना. मग विनोदभाऊंनी रशीद चाचांना हाक मारली. चाचा तिथले सगळ्यात जुने मिस्त्री, साठीच्या पुढचे. त्यांनी आठ इंची फळी कापून दाखवली. जोड असा बसला की शोधावा लागला.

"चाचाच्या हाताले बरकत हाय," विनोदभाऊ म्हणाले. "गडबड तं हा पुंडलिक मशीनवर उभा रायला की होते."

पुंडलिक हा दुसरा मिस्त्री. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगात निळा शर्ट. तो बाजूला फळ्या रचत होता. ऐकत होता, पण मान वर केली नाही.

आमच्या रिपोर्टवर कारणाचे तीन चौकोन असतात: मशीन, स्पेअर पार्ट, ऑपरेटर. मी ऑपरेटरवर टिक केली, सही घेतली, चहा प्यालो आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात परत फोटो आला. या वेळी फटीत दोन कार्डं होती.

मी पुन्हा मंगळवारी गेलो. पुन्हा दोन इंची पट्टी, पुन्हा दहा तुकडे, पुन्हा सगळं ठीक. पुन्हा ऑपरेटरवर टिक. विनोदभाऊंचा पारा चढला होता.

"दोन डाव साहेबानं लिहून देल्लं. आता मी काय करू? सागवान काय झाडाले लागते का?"

सागवान झाडालाच लागतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. विनोदभाऊंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या शनिवारपासून पुंडलिकनं येऊ नये.

मी गेटपाशी बॅग आवळत होतो. पुंडलिक मागून आला.

"साहेब, एकोनीस वर्सं झाले मले या धंद्यात. परतवाडा काही मोठं नाई. मशीन जमत नाई म्हनून काढला, हे एकाले समजलं की सगळ्याइले समजते. मंग मले कोन ठेवते?"

"मशीन चांगली आहे, पुंडलिकभाऊ. मी दोनदा तपासली."

"तुमी कवा तपासली?"

"मंगळवारी."

"अन् मी कवा चालवतो? शुक्रवारी. चाचा जुम्म्याच्या नमाजले जाते, तवा दीड-दोन घंटे मशीन मायाकडे रायते. बाकीचे दिवस मी फळ्याइले रंधा मारतो. तुमी एक डाव शुक्रवारी या ना."

"शुक्रवारी अकोल्याला मीटिंग असते."

"मंग रायलं," तो म्हणाला आणि आत गेला.

अमरावतीच्या बसमध्ये मी मोबाइल काढून दोन्ही फोटो पाहिले. दोन्ही शुक्रवारचे. एक दीडचा, एक पावणेदोनचा. मशीनला वार समजत नाही, एवढं मला नक्की माहीत होतं. म्हणजे चूक माणसाचीच. तरी ते "मंग रायलं" काही डोक्यातून जाईना. मला त्याचा रागही आला. आपण काम नीट केलं आहे असं वाटत असताना कोणी असं बोललं की येतो तसा.

शुक्रवारी सकाळी अकोल्याला आमच्या शेठला फोन केला. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि परतवाड्याची बस धरली.

साडेबाराला चाचांनी हातपाय धुतले, टोपी घातली आणि ते गेले. पुंडलिकनं आठ इंची फळी घेतली. एक टोक मशीनवर, दुसरं लांबच्या लाकडी घोडीवर. फळी मोजली, खूण केली, परत मोजली. काम करायची पद्धत चाचांपेक्षा कणभर जास्तच काळजीची. त्यानं डोकं पुढे ओढलं.

टक.

बारीक आवाज, मोटरच्या आवाजात जवळजवळ बुडालेला. डोकं खाली दाबताच फळी उडाली. पुंडलिकनं डावा हात मागे घेतला. हात आणि पातं यांच्यात चार बोटांचं अंतर असेल. त्यानं बटण सोडलं, पातं थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि मग हात खिशात घातला. फटीच्या भानगडीत या माणसाची बोटं जाऊ शकतात, हा विचार मी तोवर केलाच नव्हता.

पुढचा एक तास मी मशीन उलटीपालटी केली. दांड्या, बेअरिंग, तबकडीचं लॉक, मशीनचे चारही बोल्ट. काही नाही. दोन वाजता चाचा आले. विनोदभाऊंनी मुद्दाम त्यांनाच उभं केलं. तीच फळी, तीच मशीन. टक झालं नाही, जोड चोख. विनोदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पुंडलिकनं कोणाकडेच पाहिलं नाही.

मला काही सुचेना. न सुचलं की मी डबा खातो. खाली बसलो, पोळीचा घास तोंडात घातला आणि समोर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी चालू मायटर सॉ जमिनीवरून पाहत होतो.

स्टँडच्या खालच्या आडव्या पाइपवर, पुढच्या डाव्या कोपऱ्यात, चाचांचा उघडा पाय होता. नुसता ठेवलेला नाही. अंगठा आणि शेजारच्या बोटात पाइप धरलेला.

"चाचा, पाय काढा."

"कौनसा पाव?" चाचांनी खाली पाहिलं. पाय त्यांचाच होता, पण त्यांनाही तो तिथे नवाच दिसत होता. त्यांनी तो काढला.

"आता डोकं ओढा."

टक.

चाचांनी चाळीस वर्षं जमिनीवर बसून काम केलेलं. जुने मिस्त्री लाकूड पायाच्या बोटांत धरतात आणि दोन्ही हातांनी करवत चालवतात. मशीन आली तसे चाचा उभे राहिले. पाय मात्र रिटायर व्हायला तयार नव्हता. त्यानं स्वतःपुरतं काम शोधून घेतलं होतं.

आता टक का होतं, ते. स्टँडच्या चारपैकी एका पायाला, म्हणजे या पुढच्या डाव्या पायाला, आट्यांची टाच असते. फरशी खालीवर असेल तर ती फिरवून पाय लांब-आखूड करायचा. मग तिच्यावरचा चेकनट पान्यानं आवळायचा. नाही आवळला तर मशीनच्या थरथरीनं टाच फिरत जाते आणि तो पाय अधांतरी राहतो. साध्या मशीनला हे चालून जातं, कारण वजन जागेवर असतं. स्लायडिंगचं वजन चालतं. डोकं मागे, तोवर स्टँड तीन पायांवर निवांत. डोकं पुढे आलं की स्टँड आखूड पायावर कलंडतो. मशीन खाली जाते, घोडीवर टेकलेली लांब फळी मात्र जाईल कशी? ती मशीनवरून उचलली जाते आणि काप तिरपा पडतो. चाचांचा पाय तो कोपरा कायम दाबून धरत होता. आणि मी दोन्ही मंगळवारी दोन इंची पट्टी कापली होती. तिला डोकं ओढावंच लागत नाही.

मी आडवा होऊन चेकनट पाहिला. बोटांनी फिरत होता.

ही मशीन चार महिन्यांपूर्वी बसवली कोणी? मी. तेव्हा चहा आला होता. नट हातानं लावला, म्हटलं चहा झाला की पाना मारू. चहा आठवतो, आल्याचा होता. पाना आठवत नाही. फॉर्मवर 'स्टँड लेव्हल' असा चौकोन असतो. त्यावर टिक आहे.

टाच फिरवली, सतरा नंबरच्या पान्यानं नट आवळला. एक मिनिट लागलं. तेवढ्या मिनिटात मनात आलं, सांगावं की व्हायब्रेशननं ढिला झाला. ते खोटंही नव्हतं. मग पुंडलिकचा खिशातला हात दिसला. मला मनापासून लाज वाटली.

"विनोदभाऊ, चूक माझी आहे. बसवताना नट आवळला नाही."

"म्हंजे याची नाई?"

"नाही. दोन्ही वेळा मी चुकीचं लिहिलं."

"अन् चाचाच्या हाताची बरकत?"

"पायाची होती."

चाळीस वर्षांच्या हाताचं कौतुक एका मिनिटात पायाकडे गेलं होतं. चाचा पुंडलिकजवळ गेले. "माफ कर भाई. मेरे पाव ने तेरेकू घर बिठाया होता."

पुंडलिकनं आठ इंची फळी लावली, डोकं ओढलं, कापली. जोड चोख. विनोदभाऊंनी खिशातून एटीएम कार्ड काढून घालून पाहिलं. जाईना. त्यांनी कार्ड परत ठेवलं आणि पुंडलिकला म्हणाले, "उद्या येजो." परतवाड्यात माफी मागायची ही पद्धत आहे.

मी दोन्ही जुन्या रिपोर्टवरची टिक खोडली, खाली 'इन्स्टॉलेशनमधील चूक' लिहून सही केली. जाताना वाटलं, पुंडलिक आता आभार मानेल. तो म्हणाला, "दोन मंगळवार अगोदर खाली बसले असते साहेब, तं बरं झालं असतं."

शेठनं विचारलं, "पोट कसं आहे?" मी सगळं सांगितलं. तीन महिने मला इन्स्टॉलेशनला पाठवलं नाही. बरोबरच केलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. ज्याची तक्रार, त्याच्याच हातात मशीन द्यायची, त्याच्याच वेळेला, त्याच्याच लाकडावर. आणि आधी खाली बसून पाहायचं.

दवाखान्याची दारं बसवून झाल्यावर एका मंगळवारी परतवाड्याला गेलो. आता दिवसभर मशीनवर पुंडलिक असतो. चाचा खाली बसून नक्षीचं काम करतात, लाकूड पायात धरून. मी सवयीनं आधी खाली वाकलो. पुंडलिकनं एक चप्पल काढून ठेवलेली, पाय पाइपवर.

"पुंडलिकभाऊ, चेकनट टाइट आहे ना?"

"हाय ना. मी रोज सकाळी पाना लावून पाह्यतो."

"मग पाय काहून?"

त्यानं फळी लावली, डोकं पुढे ओढलं.

"नट तुमी लावला, साहेब," तो म्हणाला. "पाय माहा हाय."