विमान वेळेत आहे

कुपवाडच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याला जालिंदर म्हणून कुणी हाक मारत नाही. ‘विमानवाले’ म्हणतात. माणूस दिवसभर लेथवर उभा, कपड्यांना ऑइलचा वास, आणि हत्यारांच्या पेटीवर फोन टेकवून ठेवलेला. फोनवर देशाचा नकाशा आणि त्यावर मुंगीएवढी पिवळी विमानं. आमची साक्षी लहान असताना तिला वाटायचं, पप्पांची नोकरी विमानं राखायची आहे. मीही तिला कधी नाही म्हटलं नाही, म्हणायला तोंड तरी कुठं होतं!

एकदा मला म्हणाले, “राजेश्वरी, चांगली साडी नेस, हैदराबादला जायचंय.” मी हरखले. कोल्हापूरहून विमानात बसलो, हे खिडकीतून पंखा बघत बसले, कारण ते पंख्याचं विमान होतं आणि ह्यांना तेच पाहिजे होतं. हैदराबादला उतरलो, तिथंच खुर्चीत बसून इडली खाल्ली, आणि त्याच विमानानं परत आलो. चारमिनार नाही, मोत्याचं दुकान नाही, काही नाही. मी आठ दिवस बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही, असला हा माणूस.

पण ह्या वेडामागं एक कारण होतं, आणि ते मला ठाऊक होतं. लग्नानंतर हे दोन वर्षं मस्कतला टर्नर म्हणून गेले होते. तिथं असताना उंब्रजला सासूबाई गेल्या. हे मिळेल ते तिकीट काढून विमानतळावर येऊन बसले. बोर्डावर ‘वेळेत’ लिहिलेलं, म्हणून तसा निरोप घरी दिला, आणि विमान निघालं सहा तासांनी. इकडं अंगणात सगळे ताटकळले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “किती वाट बघायची? उरका.” कोण म्हणालं ते मला त्या रडारडीत कळलं नाही. हे आले तेव्हा नदीकाठी नुसती धग होती. एकुलता एक मुलगा, आईचं तोंडसुद्धा दिसलं नाही. हे रडले नाहीत, बोललेही नाहीत. महिन्याभरानं एवढंच म्हणाले, “विमान आलंच नव्हतं तिथं. ते दुसरीकडंच उभं होतं. बोर्ड खोटं बोलत होता.”

तेव्हापासून हे बोर्डाकडं बघत नाहीत, विमान कुठं आहे ते बघतात. मला त्यांनी शंभरदा समजावलंय, म्हणून मलाही आता येतं. गाडीला नंबर असतो तसा विमानाच्या शेपटाकडं नंबर लिहिलेला असतो. एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी कुठं अडकलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या मागं पडतात. कंपनी शेवटपर्यंत ‘वेळेत’ म्हणत राहते. हे मात्र कुठल्या फेरीला कुठलं विमान लावलंय ते हुडकून आधीच सांगतात, “दीड तास लेट. निवांत जेवून निघा.”

आमच्याकडं घरटी एक पोरगा फौजेत. मग काय, रजेवर येणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईबापाचा फोन ह्यांनाच. ह्यांचा शब्द कधी चुकला नाही. आणि एक खोड होती. विमान वेळेत असलं की हे फोन घेऊन सगळ्यांपुढं नाचवायचे, “हे बघा, हे बघा, नागपूर ओलांडलं.” ज्याला चष्मा नाही त्यालाही दाखवायचे.

गेल्या एप्रिलात रहिमतपूरला माझे वडील गेले. दादा म्हणायचो आम्ही त्यांना. संध्याकाळी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि गेले. माझा धाकटा भाऊ विश्वजीत तेव्हा लेहला होता. साहेबांनी रजा लगेच दिली, पण लेहवरून विमानं निघतात ती सकाळीच. सकाळी दिल्ली, दिल्लीहून साडेबाराचं पुण्याचं विमान, दोन-चाळीसला पुण्यात, तिथून गाडीनं साडेपाचला दारात. असा सगळा हिशोब ह्यांनीच रात्री बसून लावला होता.

सकाळी अकरापर्यंत अंगणात माणसं मावेनात. दादांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलेलं, आणि ऊन असं की लादी बघताबघता पाणी होत होती. आई भिंतीला टेकून बसलेली. तिला दुसरं काही विचारायचंच नव्हतं, “विशू कुठं आला गं?” एवढंच.

दादांचे थोरले भाऊ आकाराम, आमचे थोरले आबा, ऐंशी वर्षांचे. भावकीत त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही. ते काठी टेकत आले आणि ह्यांच्यापुढं उभे राहिले.

“जावईबापू, दिवस मावळल्यावर आमच्या भावकीत अग्नी देत न्हाईत. तुमाला ठावं हाय. पोरगं येळंत येत आसंल तर साडेपाचपतुर थांबू. येत नसंल तर दोनला उचलू, शिवतेज अग्नी देईल. काय ते खरं सांगा.”

शिवतेज म्हणजे आबांचा नातू. त्यानं आपल्या फोनवर कंपनीचं पान उघडलंच होतं. “वेळेत दाखवतंय, आबा.”

“त्ये नगं. जावई काय म्हणत्यात?”

सगळं अंगण ह्यांच्याकडं बघायला लागलं. ह्यांनी फोनकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, “वेळेत आहे, आबा. साडेपाचला दारात.” आणि फोन खिशात घातला.

खिशात? विमान वेळेत आहे आणि फोन खिशात?

तेवढ्यात तो खिशातच वाजला आणि हे गोठ्यामागं गेले. मी पदर खोचून पाठोपाठ. हे हळू आवाजात बोलत होते, “विशू, ऐक माझं. बोर्डावर काय का लिहीनात. आता फोन बंद कर. पुण्यात उतरल्यावर मला एकट्याला फोन कर, मग परत बंद. दुसऱ्या कुणाचा उचलू नकोस. आईचापण नाही. कर बंद.”

“किती लेट?” मी विचारलं.

हे दचकले. मग म्हणाले, “विमान अजून पाटण्यात उभं आहे. तिथून हललेलंच नाही. ते दिल्लीला येणार, मग तेच पुण्याला जाणार. दोन तास तर धरच. जास्तही होईल.”

“अहो, मग आबांना...”

“दोन तास लेट म्हटलं असतं तर दोनला उचललं असतं. तूच सांग, उचललं असतं का नाही?”

असतं. मला माहीत होतं. पण मला हेही माहीत होतं की आबा खोटं बोलणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आणि हे जावई. सासऱ्याच्या मातीला जावई खोटं बोलला, हे उद्या सगळ्या तालुक्यात झालं असतं. त्यातून विमान आणखी लेट झालं तर? दादा त्या उन्हात, बर्फ वितळलेला, दिवस मावळलेला, आणि विशूचा पत्ता नाही! मी म्हणाले, “मेले मी. काय करून बसलात हे?”

“त्याला तोंड बघू दे, राजू,” हे म्हणाले. आवाज फाटला होता. वीस वर्षांत मी ह्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

मग मीही त्या खोट्यात उतरले, दुसरं काय करणार? साडेबारा उलटले की कंपनीच्या पानावर ‘उशीर’ येणार आणि शिवतेज ते मोठ्यानं वाचणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी त्याला कामाला जुंपला. बर्फ आण. बर्फ आणला तर पाहुण्यांना पाणी दे. पाणी दिलं तर आणखी चटया मागून आण, भटजीकाकांना बघून ये, मंडप इकडं ओढ. बिचारा घामाघूम झाला. एकदा त्याचा हात खिशाकडं गेला, तर मी त्याच्या हातात कळशीच दिली. तो म्हणाला, “आत्या, तुमी बसा की जरा.” मी त्याच्यावर खेकसले. आजही त्याची माफी मागितलेली नाही.

हे अंगणाच्या कडेला उभे, दर दहा मिनिटांनी गोठ्यामागं जाऊन यायचे. मी नुसती मान हलवून विचारायची. साडेअकराला, अजून पाटणाच. बाराला बोटानं वर दाखवलं, उडालं. अडीचला दिल्लीही सुटली होती. पाचला फोन येऊन गेला, विशू पुण्यात उतरला. आणि पुण्यातून रहिमतपूर तीन तास. मी मनात मोजलं, आठ. देवा, आठ! दिवस तर सातच्या आत मावळतो.

साडेपाच झाले. आबांनी मान वर केली. “जावईबापू?”

“खंबाटकीत अडकलाय, आबा. घाटात ट्रक बंद पडलाय.”

त्यावर कुणी शंका घेतली नाही. खंबाटकी घाटात अडकला म्हटलं की आमच्याकडं कुणी पुढं विचारत नाही. सव्वासहाला ह्यांनी सांगितलं, वाईफाटा. पावणेसातला सातारा. विशू तेव्हा कुठं शिरवळला आला असेल नसेल. ह्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि हे तो पुसतही नव्हते. मी दादांच्या पायाशी बसून बर्फाचं पाणी पिळत होते. फडकं पिळायचं, घड्याळ बघायचं, पुन्हा फडकं पिळायचं. आईनं विचारणं बंद केलं होतं, ते तर जास्तच भयंकर वाटत होतं.

भावकीतला एकजण वैतागून म्हणाला, “जावई, पोरगं विमानानं आलंय का बैलगाडीनं?” दोघंतिघं हसले. मयताच्या घरात हसले! मला त्यांच्या अंगावर जावंसं वाटलं. दुसरा म्हणाला, “आबा, दिवस टेकला. आता तरी उचला.” तिरडी बांधून तयार होती. दोघं उठलेही.

आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. म्हणाले, “बसा खाली.”

“पर आबा, दिवस...”

“बसा म्हनलं ना! एवढं थांबलाय, आनी थोडं थांबा.”

भावकीनं एकमेकांकडं बघितलं. आबांनी स्वतःचाच नियम मोडला होता. का ते कुणी विचारलं नाही. मीही नाही, मला तेव्हा तेवढं सुचलंच नाही.

आठला दहा कमी असताना गाडी आली. विशू वर्दीतच होता. तो धावत आला आणि दादांच्या गालावर हात ठेवून तसाच बसून राहिला. आई सरकत त्याच्याजवळ गेली. मग कुठं तिच्या तोंडातून रडणं फुटलं. दिवसभराचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मीही रडले. दादांसाठी रडले का सुटले म्हणून रडले, मला सांगता येणार नाही.

आणि मग विशू ह्यांच्या गळ्यात पडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “दाजी, विमान दोन तास लेट सुटलं. मला वाटलं उरकलं असंल. तरी तुम्ही सगळे थांबलात!”

शिवतेजनं खिशातून फोन काढला, बघितला आणि माझ्याकडं बघितलं. ज्यानं बैलगाडीची मस्करी केली होती त्याचं तोंड उघडंच राहिलं. हे मान खाली घालून उभे. मला वाटलं, आता आबा काठी उगारतात.

आबा उठले. म्हणाले, “उचला.”

ट्रॅक्टरचे दिवे लावून अग्नी दिला. विशूनं दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. घरी येऊन हे तडक आबांपुढं गेले आणि खाली बसले. मी दारात उभी, मुठी आवळून. आबा काही वेडंवाकडं बोलले असते तर मी थोरला चुलता म्हणून गप्प बसणार नव्हते.

“आबा, मी खोटं बोललो. तुमच्या दारात, सासऱ्याच्या मातीला. काय शिक्षा असेल ती द्या.”

“ठावं हुतं मला,” आबा म्हणाले.

“कधी कळलं?”

“तवाच. इमान येळंत आसलं की तुमी फोन घिऊन सगळ्यांच्या डोळ्यात घालता. त्या दिवशी खिशात ठिवला. म्हातारा झालोय, येडा न्हाई.”

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिले.

“जालिंदर,” त्यांनी पहिल्यांदाच ह्यांना नावानं हाक मारली, “तुझ्या आईच्या मातीला उंब्रजला आलो हुतो मी. पाव्हण्यात थोरला मीच. किती वाट बघायची, उरका, म्हनलेला मीच हुतो. मला घरी परतायची घाई हुती, दुसरं काय न्हाई. तू नदीवर आलास, तवा तुजं तोंड बघितलं. त्येच तोंड परवा अंगणात दिसलं.”

माझ्या अंगाची लाही झाली. एवढी वर्षं! एवढी वर्षं आमच्या घरी येऊन जेवून गेले, आणि बोलले नाहीत! मी एक पाऊल पुढं टाकलं. ह्यांनी मागं न बघता हात वर करून मला थांबवलं.

हे आबांच्या जवळ सरकले, खिशातून फोन काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

“आबा, हे बघा. दिल्लीवरून पुण्याला निघालंय. निम्मी वाट ओलांडली.”

“चष्मा न्हाई रं माझ्याकडं,” आबा म्हणाले. “तूच सांग. येळंत हाय का?”

“वेळेत आहे, आबा,” हे म्हणाले.